कासवांचा मेंढका

वरकुट्याचा बिरदेव वर्षाला तीन जोड पायताणं झिजवायचा. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणातल्या भातखाचरांत खतासाठी बसवायचा आणि पावसाची चाहूल लागली की पुन्हा इंदापूरच्या माळावर परतायचा. चाळीस वर्षं हाच धंदा. मग माळावर पाटाचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, द्राक्षांचे मांडव आले, आणि मेंढरांनी पाय कुठं टेकवायचा हेच कळेनासं झालं. सत्त्याण्णव साली थोरल्या रविराजनं ट्रॅक्टर आणला आणि बापाला म्हणाला, "आबा, आता बसून खावा." बिरदेवानं मेंढरं विकली आणि तो ओट्यावर बसला. बसणं हे काम त्याला कधीच जमलं नव्हतं. चार महिन्यांतच तो वाळल्या पाचटासारखा दिसायला लागला.

त्याच दिवसांत पद्माबाई आल्या. बारामतीच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. दर वर्षी बाभळीचं बी न्यायला त्या बिरदेवाच्या मेंढवाड्यावर यायच्या. झाडाखालचं बी वर्ष वर्ष मातीत पडून राहतं. पण शेंगा मेंढराच्या पोटात जाऊन लेंड्यांतून बी बाहेर पडलं, की ते चार दिवसांत मोड धरतं. ही गोष्ट बाईंना बिरदेवानंच कधीतरी सांगितली होती. यंदा त्या आल्या, तर वाडा रिकामा.

"बिरदेवराव, मेंढरं कुठं गेली?"

"गेली बाई. आता आमीच ऱ्हायलोय हितं." तो हसला, पण त्या हसण्याकडं बाईंना बघवलं नाही.

तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या त्या हातात एक पत्र घेऊन. बिरदेवाची बायको बानूबाई हिनं चहा ठेवला. बाईंनी पत्रातला मजकूर समजावून सांगितला. मॉरिशस म्हणून देश आहे, चहूकडून समुद्र. त्याच्या किनाऱ्यापलीकडं एक लहानसं बेट आहे. शे-दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी तिथलं रान तोडलं, बाहेरची झाडं आणून लावली, आणि तिथली मूळची मोठाली कासवं खाऊन संपवली. आता काही लोक ते रान पुन्हा पहिल्यासारखं करायला निघालेत. पगार कुणालाच नाही. जेवण, राहणं आणि जायचा-यायचा खर्च तेवढा मिळतो. स्वतः बाई सहा महिन्यांची रजा काढून निघाल्या होत्या.

"तिथं आपल्या टेंभुर्णीच्या भावकीतलं एक झाड आहे, काळ्या लाकडाचं. फळं धरतात, बी पडतं, पण शंभर वर्षांत एक रोप उगवलेलं नाही. तिथल्या लोकांना वाटतंय, ती फळं कासवं खायची म्हणून बी रुजायचं. आता दुसऱ्या बेटावरून सात कासवं आणून सोडलीत. ती काय खातात, कुठं हगतात, हे बघायला दिवसभर त्यांच्यामागं फिरणारं माणूस हवं. परदेशातली तरणी पोरं आली, आठवड्यात कंटाळून गेली." बाई थांबल्या. "मी त्यांना तुमच्याबद्दल लिहिलं होतं. ते या म्हणतायत."

बिरदेवानं कपातला चहा संपवला. मग त्यानं एवढंच विचारलं, "कासव दिवसाला किती चालतंय?"

रविराज संध्याकाळी आला आणि भडकला. "मेंढरं इकली आन कासवं राखायला परदेशात गेला म्हणत्याल लोक! तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाय."

बानूबाई चुलीपुढून उठली. "लोकांचं काय घिऊन बसलायस? हितं बसून भिताडाला वाळवी लागल्यागत झालंय त्यांचं. जाऊ दे त्यास्नी." आणि नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "घोंगडं धुवून ठिवते. तितं थंडी हाय का ऊन, काय ठावं."

असा बिरदेव गेला. विमान ढगांच्या वर गेलं तेव्हा त्यानं खिडकीतून खाली बघितलं. खाली पांढरी मेंढरंच मेंढरं बसली होती, क्षितिजापर्यंत, आणि राखायला कुणी नव्हतं. त्यानं डोळे मिटून घेतले.

बेट एवढंसं होतं, की या टोकाला विडी पेटवावी आणि त्या टोकाला पोचेस्तोवर ती विझावी. पायाखाली माती थोडी आणि पांढरा खरबरीत दगडच फार. समुद्र सगळीकडून एकाच आवाजात काहीतरी सांगत राहायचा. पद्माबाई आणि बाकीची मंडळी सकाळी सुबाभूळ उपटायला जायची. ते बघून बिरदेव चक्रावला. हेच झाड गावात सरकारी रोपवाटिकेनं फुकट वाटलं होतं आणि त्यानं स्वतः बांधावर लावलं होतं. "चांगलं झाड हाय की हे," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "चांगलंच आहे. पण इथलं नाही. ते इथं कुणाला उभंच राहू देत नाही." बिरदेव त्यावर दोन दिवस विचार करत होता.

कासवं त्यानं पहिल्यांदा बघितली तेव्हा त्याला वाटलं दगडच आहेत. मग एका दगडानं मान काढली. वासराएवढं जनावर, पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा. सगळ्यांत थोरला होता तो अवघडून चार पावलं चालला, थांबला, आणि सुरकुतल्या डोळ्यांनी बिरदेवाकडं बघत राहिला. गावातल्या पारावरची म्हातारी माणसं असंच बघतात. बिरदेवानं त्याचं नाव तात्या ठेवलं.

पहिले आठ दिवस त्याला फार जड गेले. पाय ऐकेनात. दोन पावलं टाकली की कासव मागं राहायचं आणि याला परत यायला लागायचं. मेंढरामागं धावणारं अंग, त्याला उभं राहायला शिकवायचं म्हणजे बैलाला पोहायला शिकवण्यासारखं. पण हळूहळू काहीतरी सैल झालं. तात्या एक पान तोडायचा, चावायचा, गिळायचा आणि मग पुढचं पान बघायचा. तेवढ्यात ऊन हातभर सरकायचं. बिरदेव घोंगडं अंथरून शेजारी बसायचा. दुपारच्या त्या पांढऱ्या उजेडात कधी कधी त्याला आपण कुठं आहोत हेच उमगायचं नाही. समुद्राचा आवाज माळावरच्या वाऱ्याचा व्हायचा. डोळा लागायचा, जागा व्हायचा, तर तात्या अजून त्याच झुडपापाशी. जणू मधला वेळ गेलाच नव्हता. आयुष्यभर त्यानं पुढच्या मुक्कामाची चिंता केली होती. इथं पुढचा मुक्कामच नव्हता.

काम मात्र त्यानं चोख केलं. कासवानं शेण टाकलं, की त्याच्याभोवती तो पांढरे खडे गोल मांडायचा आणि संध्याकाळी पद्माबाईंना बोटानं दाखवायचा. बाई वहीत नकाशा काढून घ्यायच्या.

छावणीत स्वयंपाकाला कौसल्या होती. पन्नाशीची, सावळी, अंगात फुलाफुलांचा झगा. तिचा खापरपणजा कोकणातून ऊस तोडायला इकडं आला तो परत गेलाच नाही. तिला मराठी असं येतच नव्हतं. पानी, भाकर, देव, आजी एवढेच शब्द घरातून चालत आले होते. पहिल्या दिवशी बिरदेवानं "जरा पानी दे गं बाई" म्हटलं आणि तिच्या हातातला पळा तसाच थांबला. पद्माबाईंना मधे घालून तिनं सांगितलं, "माझी आजी असंच बोलायची. यांना म्हणावं, बोलत राहा. मला कळलं नाही तरी चालेल."

मग रोज संध्याकाळी, कौसल्या मसूर निवडायची आणि बिरदेव बोलत राहायचा. वरकुट्याचं, लोणी भापकरच्या जत्रेचं, घाटात लांडग्यानं नेलेल्या कोकराचं. आजवर त्याचं इतकं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. तिला दहातला एक शब्द कळत असेल. कळला की ती तो हळूच परत म्हणायची, तोंडात खडीसाखर घोळवल्यासारखा. "कोकरू," ती म्हणायची. "कोकरू."

फेब्रुवारीत वादळाची खबर आली. सगळ्यांना बेट सोडायचा हुकूम झाला. नाव किनाऱ्याजवळ लागली, मंडळी चढली, आणि बिरदेव काठी रोवून किनाऱ्यावर उभा राहिला.

"मी येत न्हाय. मेंढका कळप सोडून जात नसतोय."

पद्माबाई नावेतून उतरल्या, गुडघाभर पाण्यातून परत आल्या. "बिरदेवराव, ही कासवं तुमच्या आजोबाच्या आधीपासनं वादळं बघतायत. त्यांच्या पाठीवर छप्पर आहे. तुमच्या पाठीवर फक्त घोंगडं. मी बानूबाईंना काय सांगू?"

बानूबाईचं नाव निघालं तसा तो मुकाट्यानं चढला. पण मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या शाळेत तीन दिवस तो एक शब्द बोलला नाही. पत्रे उडत होते, नारळाची झाडं जमिनीला लागत होती, आणि कौसल्या शेजारी बसून त्याला पेज पाजत होती. आता बोलायची पाळी तिची होती. ती तिच्या भाषेत काय काय सांगत राहिली. त्याला अवाक्षर कळलं नाही, पण बरं वाटलं.

परतले तेव्हा बेट ओळखू येत नव्हतं. एका झाडाला पान नव्हतं. कासवं सापडली सहा. तात्या नव्हता.

दोन दिवस बिरदेव त्याला हुडकत होता. नेहमी जितकं हळू चालायचा तितकंच हळू चालला. कारण वेगानं चालणाऱ्याला कासव दिसत नाही हे त्याला आता ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेच्या टोकाला, खडकाच्या कपारीत तात्या उताणा पडलेला दिसला. पाय लोंबत होते. बिरदेवानं आत उतरून त्याच्या मानेला हात लावला. कातडं गार होतं. मग कातड्याखाली काहीतरी हललं, अगदी सावकाश.

"जित्ता हाय!" तो ओरडला. चार-पाच जणांनी दोर लावून तात्याला सुलटा केला. दिवसभर त्यानं मान काढली नाही. बिरदेव जवळून हलला नाही. ऊन आलं तेव्हा त्यानं काठीवर घोंगडं टाकून सावली धरली. दिवस कलताना कवचातून डोकं बाहेर आलं, आणि बिरदेवाच्या हातातलं पान तात्यानं तोडलं, चावलं, गिळलं. मग दुसरं पान बघितलं. बिरदेवाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेंढरं विकली त्या दिवशीही आलं नव्हतं.

वादळानं पाऊस भरपूर दिला होता. एप्रिलात बेट पुन्हा हिरवं झालं. एका सकाळी बिरदेव तात्यामागं चालत असता एका जुन्या खड्यांच्या गोलापाशी थबकला. शेणाची आता माती झाली होती, आणि त्या मातीतून दोन-दोन पानांची रोपं वर आली होती. तो वाकला, मेंढरं मोजतात तशी बोट न लावता मोजली. अकरा. धावत जाऊन बाईंना हाक मारावी असं त्याला वाटलं नाही. तो आधी तिथं बसला, पुष्कळ वेळ. मगच गेला.

पद्माबाईंनी गुडघे टेकून पानं निरखली. कामावरचे प्रमुख म्हणजे एक काटकुळे म्हातारे साहेब होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते बिरदेवाशेजारी उकिडवे बसले. पाठीमागं तात्या गवत तोडत होता, त्याचाच काय तो आवाज.

मे महिन्यात बिरदेव घरी आला. निघताना कौसल्यानं त्याचा हात धरून एक अख्खं वाक्य म्हटलं होतं. कितीतरी दिवस तिनं ते पद्माबाईंकडून घोटून घेतलं असावं. "भाऊ, जपून जा, घरला सांग मी हाय."

बानूबाईनं विचारलं, "सा म्हैनं काय केलं?" तो म्हणाला, "चाललो." तिला ते खरं वाटेना. मग पंधरवड्यानं दोघं एसटीनं बारामतीला पद्माबाईंच्या घरी गेले. बाईंचे यजमान श्रीपादराव यांनी फोटो धुवून आणले होते. बानूबाईनं एकेक फोटो हातात घेऊन, लांब धरून, जवळ आणून बघितला. रोपांच्या फोटोपाशी ती थांबली.

"हे झाड मोठं व्हायला किती वर्सं लागत्यात?"

"चांगलं घेरदार व्हायला दोनशे तरी," पद्माबाई म्हणाल्या.

"अगं बया! मग तवर सावलीला कोण बसंल?"

"तात्या असंल," बिरदेव म्हणाला. "न्हायतर त्याची पोरं."

बानूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ओट्यावर बसून वाळत चाललेला माणूस तो हा नव्हता. हातातला फोटो खाली ठेवत तिनं दुसरा उचलला. त्यात झाडाखाली घोंगड्यावर बिरदेव तोंड उघडं टाकून झोपला होता आणि तात्या मान लांब करून त्याच्याकडं बघत होता. बानूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, थांबेचना.

"बाई, येवडा एक द्या मला. परदेशात जाऊन झोपलंच की ह्ये, जनावर बिचारं राखण करतंय!"

बिरदेवही हसला. "व्हय," तो म्हणाला. "कवाकवा तसंच व्हायचं."