डाव्या दाराचं पॅनल

वाशीमच्या अकोला नाक्यावर देवानंदचं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात 'कार रॅपिंग' लिहिलंय, पण गाव अजून त्याला रेडियमवालाच म्हणतं आणि देवानंदच्या तळपायाची आग मस्तकात जाते. जायचीच. नंबरप्लेटवर आकडे चिकटवणं कुठं आणि गाडीच्या अंगावर व्हिनाइलचा पातळ कागद कातडीसारखा बसवणं कुठं! त्याच्या कामात जोड सापडत नसे. भिंग घेऊन बसलात तरी नाही.

त्याच्याकडं मालेगावचा वीरेंद्र आला. बापाची खडी फोडायची, गिट्टीची मशीन, त्यामुळं पोराच्या शौकाला तोटा नाही. पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार आणली होती, लालभडक, दोनच दारांची, इतकी बसकी की प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायचं. आपल्याकडच्या रस्त्यांवर असली गाडी म्हणजे शुद्ध वेडेपणा. आतून सगळी काळी करून पाहिजे होती त्याला. डॅशबोर्ड, स्टेअरिंगची कड, दारांची पॅनल, सगळं. देवानंद खूश झाला. असं काम वर्षातून एखादंच येतं.

मग वीरेंद्रनं डाव्या दाराकडं बोट दाखवलं. हे आतलं हँडल काढून टाक म्हणाला, काच खालीवर करायचं बटण तेवढं ठेव, तेही बंद पाडलेलंच आहे.

"अन बसणाऱ्यानं उतराचं कसं?" देवानंदनं विचारलं.

"तिले कायले उघडा लागते दार? मी हाय ना उघडून द्याले."

तो हसला नाही, म्हणून देवानंदही हसला नाही. मोठ्या गाड्यांच्या मागच्या दारांना लहान पोरांसाठी कुलूप असतं. या गाडीला मागचं दारच नव्हतं. आपल्या बाजूचं हँडल मात्र वीरेंद्रनं तसंच राहू द्यायला सांगितलं. गिऱ्हाइकाचा शौक, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून देवानंदनं मनातली पाल हाकलली. चूक केली. ती पाल हाकलायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी काम कुठवर आलं ते बघायला वीरेंद्र बायकोला घेऊन आला. रंजीता तिचं नाव, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिला डाव्या सीटवर बसवून तो फोनवर बोलत रस्त्यापलीकडं गेला. हँडलच्या जागी नुसतं भोक होतं. तिचा हात सवयीनं तिथं गेला, भोकात चाचपडला आणि मांडीवर परत आला. मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते. देवानंदनं पाहिले, आणि त्यानं पाहिलं हे तिनंही पाहिलं.

"भाऊ," ती समोर बघतच बोलली, "रविवारी आमी पुसदले लग्नाले जाऊन राह्यलो. अनसिंगच्या अलीकडं रेल्वेच्या फाटकावर गाडी थांबते. तिथून माह्या मायचं घर दिसते. मले तिथं उतराचं हाय. मांगच्या वेळी चालत्या गाडीतून उतराले गेली मी, म्हणून हे हँडल काढून राह्यला तो."

देवानंदला वाटलं, आपल्या कानशिलात कुणीतरी हाणली. हा माणूस आपल्याकडून तिचा पिंजरा बांधून घेत होता, आणि आपण खूश झालो होतो!

"हँडलची आतली तार मी ठेवतो," तो हळूच म्हणाला. "बटनाच्या पुढं चार बोटं. नखानं फाडजा. बोटभर जागा पोकळ राहीन. तार ओढजा, लॉक असलं तरी दार उघडीन."

तिनं मान हलवली. तेवढ्यात वीरेंद्र आला.

शुक्रवारी देवानंदनं ते पॅनल बसवलं. सगळीकडं प्लास्टिकची पट्टी, फक्त त्या एका जागी पोकळी, आत तारेचा फास. वरून एकसंध काळं व्हिनाइल. शनिवारी वीरेंद्र गाडी घेऊन गेला, अंगठा फिरवून फिरवून पाहिलं आणि त्याला काही सापडलं नाही. देवानंदला रात्री निवांत झोप लागली.

रविवारी सकाळी तो एका मोटारसायकलच्या टाकीवर काम करत होता. टाकीला पोचा होता, वरून कागद बसवला की खळगा दिसायचा. अशा ठिकाणी तो आधी खाली जाड थर लावतो, गरम करून ताणतो, मग वरचा कागद. हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. थर लावता लावता त्याचा हात थांबला.

शुक्रवारी पॅनलवरही खळगा दिसला होता, पोकळीच्या बरोबर वर. डोळ्याला खटकला होता. आणि या शहाण्यानं कागद उचलून खाली तोच जाड थर लावला होता! विचार न करता, सवयीनं. त्यानं त्या कामातले उरलेले दोन तुकडे, थराचा आणि कागदाचा, एकावर एक चिकटवून नख मारून पाहिलं. नख वाकलं. कागदावर पांढरी रेघ उठली, बस्स.

त्यानं आपल्या मोटारसायकलला किक मारली. फाटकापर्यंत तो स्वतःला शिव्या घालत गेला.

फाटक बंद होतं. ट्रॅक्टर, ऑटो, काळीपिवळी, आणि सगळ्यांच्या पुढं ती लाल गाडी. मोटारसायकल टाकून तो डाव्या बाजूनं पुढं गेला. काचेतून रंजीता दिसली. वीरेंद्रला दिसू नये म्हणून पदर आड धरून तिचा हात पॅनलवर चालला होता. काळ्यावर पांढऱ्या रेघाच रेघा, आणि दोन नखांतून रक्त. दार बाहेरून ओढून पाहिलं त्यानं, आतून लॉक होतं.

वीरेंद्रनं आपल्या बाजूच्या बटणानं तिची काच चार बोटं खाली केली.

"काय देवानंदभाऊ, काही राह्यलं काय?"

"पॅनल उचलून राह्यलं असन," देवानंद म्हणाला. "दार उघडा, दोन मिनिटांचं काम हाय."

"वापस आल्यावर पाहू."

रेल्वे धडधडत गेली. वीरेंद्रची मान तिकडं वळली तेवढ्यात देवानंदनं खिशातला कटर काढला आणि फटीतून आत टाकला. तो तिच्या मांडीवर पडला. तिनं त्यावर पदर ओढला आणि देवानंदकडं एकदाच पाहिलं. फाटक उघडलं, काच वर गेली, गाडी सुटली.

मागचे हॉर्न ओरडत होते, देवानंद हलला नाही. त्यानं कटर दिला होता कागद फाडायला. पण गाडी आता थांबलेली नव्हती. चालत्या गाडीतून ती उडी मारेल, नाहीतर ते पातं दुसऱ्याच कुठं चालवेल, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

फाटक ओलांडून गाडी थोडी पुढं गेली. मग सरळ रस्त्यावर एकाएकी तिचे ब्रेक लागले. ती तिरपी होऊन कडेच्या तुरीत घुसली आणि उभी राहिली.

लोक धावत निघाले. देवानंदही धावला, पण मधेच थांबला. डावं दार उघडलं होतं. रंजीता उतरली, साडी सावरली, आणि कुणाकडं न बघता आईच्या घराकडं चालू लागली. कटर तिच्या हातातच होता.

वीरेंद्रच्या बाजूचं हँडल तर जागेवरच होतं. तरी ते दार उघडलं नाही.