टाकीत चवीपुरतं मीठ

सासऱ्यांनी माझ्या बायकोच्या माशाचं नाव जावईबापू ठेवलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण जड जाणार आहे.

टाकी बायकोची. हॉलमधली सगळ्यात चांगली भिंत अडवून बसलेली, खाऱ्या पाण्याची, दोनशे लिटरची. आत दोन क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, आणि एक ॲनिमोन. हा ॲनिमोन दिसतो फुलासारखा, पण आहे प्राणीच. त्याच्या बोटांसारख्या सोंडांचा इतर माशांना डंख बसतो, हे दोघे मात्र त्यात खुशाल लोळतात. मोठी ती मादी, छोटा तो नर. मादी अंगावर आली की नर आडवा होऊन थरथरतो. सासऱ्यांना त्यात माझं काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. मादीला ते बाईसाहेब म्हणायचे आणि ॲनिमोनला गादी. रोज सकाळी मी बूट घालत असताना मागून आवाज यायचा, "जावईबापू, जेवलात का?" आणि मी दोन वेळा तरी "हो" म्हणून गेलो असेन.

बायको आठ महिन्यांसाठी कंपनीच्या कामाला परगावी गेली. घरात उरलो मी आणि तिचे वडील. जाताना ती म्हणाली, "दोन वर्षं हे मासे गादी सोडून पाण्यातल्या हीटरला चिकटून झोपायचे. आत्ता कुठे तिच्यात रमलेत. तिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस." ती हसत होती, पण तिचं हसणं मी ओळखतो.

मी चष्म्याच्या काचा घासतो. पाव नंबरची चूक झाली तरी काच बाद होते, माणूस डोकं धरून परत येतो. सासऱ्यांनी चाळीस वर्षं बेकरीत पीठ मळलं. वजनकाटा त्यांच्या लेखी गिऱ्हाइकांसाठी असतो. असे दोघं एका छपराखाली. भांडण व्हायलाही बोलावं लागतं, आम्ही तेवढंही बोलायचो नाही.

फ्रिजवर बायकोने कागद चिकटवला होता. आटलेलं पाणी साध्या पाण्याने भरणे. दर पंधरा दिवसांनी वीस लिटर बदलणे. खारेपणा पस्तीस, म्हणजे लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, ठेवणे, उगाच मीठ घालू नये. मी पहिल्यांदा वीस लिटर काढलं, खारेपणा मोजायचा मीटर बुडवला. पस्तीस. पस्तीस आहे तर मीठ कशाला? साधं गाळलेलं पाणी भरलं. पंधरा दिवसांनी पुन्हा मीटर बुडवला. पस्तीस. पाच महिने हेच. दर रविवारी मी बायकोला फोनवर आकडा सांगायचो, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना छाती जरा फुगायची.

छळ होता तो सासऱ्यांच्या बोटाचा. ते टाकीचं झाकण उचलायचे, बोट बुडवायचे आणि चाटायचे. मी हात घातला की बाईसाहेब धावून येऊन चावायची, यांचं बोट मात्र तिला चालायचं. त्यात घरातला एक कान तुटलेला कप नाहीसा झाला. विचारलं तर म्हणाले, "आहे कामात." कप कुठल्या कामात असतो?

एके दिवशी मी कामावरून लवकर आलो, तर हे पुन्हा बोट चाटत उभे. मी दमलेलो होतो आणि माझा तोल गेला. म्हटलं, "बाबा, हे काही पीठ नाही. मी इथे पस्तीस राखायला जिवाचं रान करतोय आणि तुम्ही त्यात उष्टं बोट घालताय."

त्यांनी बोट टॉवेलला पुसलं. त्या रविवारी ते मेव्हण्याकडे राहायला गेले, मुलीला सांगितलं हवापालट. मेव्हण्याला आधी फोन मीच केला होता, तेही सांगून टाकतो.

पहिला आठवडा घरात कमालीची शांतता होती. मला फार बरं वाटलं. पुढच्या बदलाच्या दिवशी मीटर म्हणाला तेहेतीस. मी तो पुसला, पुन्हा बुडवला. तेहेतीस. दुकानदाराकडे नेला, त्याने नीट आहे म्हणून परत दिला. मी वीस लिटर काढलं, साधं पाणी भरलं, आणि पंधरा दिवसांनी आकडा आला तीस. दुकानदारावर माझा विश्वास उडाला, आणि रविवारच्या फोनवर मी आकडा सांगायचा टाळू लागलो. नवा मीटर आणला, आणि पाणीच बिघडलं असेल म्हणून आणखी वीस लिटर बदललं. नवा मीटर सत्तावीसवर येऊन थांबला.

तोवर गादी मुठीएवढी आकसली होती. मग तिने आपला बसायचा दगडही सोडला. ॲनिमोन चालतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी आलो तर ती काचेवरून पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या तोंडाकडे सरकत होती. आत ओढली गेली असती तर चिंधड्या, आणि तिच्याबरोबर सगळी टाकी नासली असती. मी पंप बंद केला, त्याच्या तोंडावर चहाची गाळणी बांधली, आणि पंप परत लावला. मासे पुन्हा हीटरला चिकटून बसले होते. ते बघून मला रडू यायचं बाकी होतं.

बायकोला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बदलाच्या पाण्यात मीठ किती घालतोस?"

"घालतच नाही. पस्तीस होतं ना."

 मग ती म्हणाली, "पाच महिने साधं पाणी घातलंस? काढलेल्या पाण्याबरोबर मीठही जातं ना, मग पस्तीस राहिलं कसं?"

मी बाल्कनीत गेलो. ती ठेवून गेली होती ते समुद्री मिठाचं पोतं उघडलं. जवळजवळ रिकामं होतं, आणि आत तळाशी, कान तुटलेला कप.

फोन अजून कानाला होता. "एकदम घालू नकोस," ती सांगत होती, "आठ दिवसांत हळूहळू वाढव. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं. तू तर कारखान्यात असशील. बाबांना म्हणावं हवापालट पुरे, ते दिवसभर घरीच असतात ना."

"सांगतो," मी म्हणालो.

मेव्हण्याचं घर दोन बसथांबे पुढे. सासरे गॅलरीत खुर्चीत बसले होते, काही न करता. मी कप पुढे केला.

"सापडला का," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही टाकीत मीठ घालत होतात?"

"अळणी लागायचं. बेकरीत पीठ अळणी लागलं तर तसंच भट्टीत घालतो का आपण? रोज चवीपुरतं घालायचो, बादलीत विरघळवून." आणि मग, "मला वाटायचं मासेच खातात मीठ."

"मला सांगायचं तरी."

"तुम्हाला काही सांगावं तर तुम्ही आकडा सांगता, जावईबापू."

मी म्हटलं, "गादी मरायला टेकलीय. चूक माझी आहे. तुम्हाला बोललो तीही माझीच. घरी चला."

"किती दिवस?"

"आठ," मी म्हणालो, कारण मी असाच आहे.

ते बॅग घेऊन आले, पण ती उघडली नाही, दाराजवळ तशीच ठेवली. झाकण उचललं, बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं. बाईसाहेब येऊन त्यांच्या बोटाला नाक लावून गेली. मग आठ दिवस ते चार-चारदा बादलीत कप ढवळत राहिले. मी संध्याकाळी येऊन मीटर बुडवायचो. अठ्ठावीस. एकोणतीस. रोज आत शिरताना आधी बॅगेकडे बघायचो, मग टाकीकडे.

सातव्या दिवशी गादीने दगड पुन्हा धरला. आठव्या संध्याकाळी ती ताटाएवढी पसरली होती आणि बाईसाहेब आत शिरून अंग घासत होती. जावईबापू बाहेर घिरट्या घालत परवानगीची वाट बघत होता. सासऱ्यांनी बोट चाटलं. "आता झालं," ते म्हणाले. मीटर खिशात होता, मी तो काढला नाही.

नवव्या दिवशी सकाळी ते कपडे करून दाराशी आले आणि इकडे तिकडे बघू लागले.

"माझी बॅग कुठाय?"

"धुवायला टाकलीय," मी म्हणालो.

"चामड्याची बॅग?"

"हो. वाळायला वेळ लागेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी बूट घालत होतो, मान वर केली नाही. मग ते वळले, टाकीपाशी गेले आणि त्यांनी झाकण उचललं.

"जावईबापू, जेवलात का?"

"हो," मी म्हणालो.