सामन्याच्या दिवशीचं कुलूप

सामन्याच्या दिवशी मुलींच्या वसतिगृहात जेवण लवकर उरकावं लागे. एरवी दुपारभर कोणी ना कोणी ताट घेऊन मेसमध्ये रेंगाळायचं; त्या दिवशी मात्र स्वयंपाकीणबाई सकाळपासूनच घोशा लावायच्या, "चला गं, आटपा. मागून माझ्या नावानं खडे फोडू नका." भात अर्धा कच्चा असो की बटाटे अळणी असोत, सगळ्यांनी वेळेत जेवून वर गेलंच पाहिजे, असा दंडक होता. मग पहारेकरी येई, बाहेर पडायचं ते एकुलतं एक जाळीचं लोखंडी दार ओढी, बाहेरून कुलूप लावी आणि किल्ली विद्यापीठाच्या मैदानावर नेऊन रेक्टरसाहेबांच्या हातात देई. सामना सुटून बाहेरगावची माणसं पांगली, रस्ता मोकळा झाला, की ते कुलूप निघे.

हा नियम कोणी केला ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका सामन्यानंतर टवाळांनी काही मुलींची छेड काढली होती म्हणे. त्या टवाळांचं पुढे काय झालं, हे कोणी बोलत नसे. मुली मात्र तेव्हापासून कोंडल्या जात होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी.

कोपऱ्यातल्या खोलीत दोघी बहिणी राहत. थोरली शेवटच्या वर्षाला, धाकटी पहिल्या. वडील शिंपी. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत आई काजं-बटणं करी. दोन मुलींना शिकायला परगावी ठेवणारा त्यांच्या नात्यागोत्यातला तो पहिलाच बाप. "पोरी हाताबाहेर जातील हो," असं जो तो सुनावायचा, तेव्हा शिंपी कात्री खाली ठेवून सांगायचे, "तिथं कुलूप असतं. घरात नसेल एवढा बंदोबस्त आहे." थोरलीला सोडायला आले तेव्हा ते जाळीचं दार त्यांनी स्वतः हलवून पाहिलं होतं. कापडाचा पोत पाहावा तसं. आणि रेक्टरसाहेबांना हात जोडून म्हणाले होते, "हे आहे म्हणून ठेवतोय, साहेब."

धाकटी अंगानं शेलाटी, पाय हे लांब. मुलींनी तिचं नाव जिराफ ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडे. उंच उडीत तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती. मुलग्यांचा सराव सुरू व्हायच्या आत, पहाटे, मैदानाच्या एका कडेला मुलींना जागा मिळे. तेवढ्यात ती उड्या मारून घ्यायची. लहानपणापासून दमा होता, पण खिशात औषधाचा फवारा असला की तिला कशाचं भय नसे.

त्या दिवशी फुटबॉलचा शेवटचा सामना होता. दोघी जेवून जिना चढत होत्या आणि खाली कुलूप खडखडलं.

"डालल्या गं कोंबड्या डालल्या," जिराफ म्हणाली. जिन्यातल्या मुली हसल्या.

"चल, गच्चीवरून दिसेल जरासं," थोरली म्हणाली.

"काय दिसणार? मागच्या वेळी मला फक्त गोलकीपरची पाठ दिसली. घाबरट पाठ होती."

त्या गच्चीवर गेल्याच नाहीत. सुट्टी म्हणून समोरच्या खोलीतल्या मुलींनी गाद्या बाहेर काढून झटकायला घेतल्या होत्या. व्हरांडाभर धूळ. धाकटीला खोकला सुरू झाला. तिनं फवारा काढला, तोंडात धरून दाबला. नुसतीच हवा फुसफुसली.

"ताई, संपलाय."

"दुसरा कुठाय?"

"आज आणणार होते. सकाळी सरावाला गेले आणि विसरले."

औषधाचं दुकान समोरच, रस्ता ओलांडला की. खोलीच्या खिडकीतून त्याची पाटी वाचता येई. थोरली खिडकीशी धावली. दुकानाचं शटर खाली होतं. दुकानदारही सामन्याला गेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

थोरलीनं बहिणीला बसवलं, पुढे वाकवलं, पाठ चोळली. आई करायची तसं गरम पाणी दिलं. पण या खेपेचा दमा निराळा होता. धाकटीच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि दोन शब्दांच्या मध्ये तिला थांबावं लागू लागलं. थोरलीनं रुग्णवाहिकेला फोन केला आणि जिन्यावरून ओरडत खाली गेली, "बाई, दार उघडा! दार उघडायला सांगा!"

वॉर्डनबाई तळमजल्यावर राहत. सामन्याच्या दिवशी त्याही मुलींबरोबर आतच कोंडलेल्या असत. किल्ली त्यांच्याकडे कधीच नसे. त्या वर आल्या, धाकटीकडे एकदा पाहिलं आणि तिथूनच त्यांनी रेक्टरसाहेबांना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडून गर्दीची आरोळी आधी ऐकू आली.

"साहेब, एका मुलीला दमा लागलाय. फार आहे. किल्ली पाठवा."

"बाई, मागच्या सामन्याला चक्कर आली होती. आता दमा." त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता. "पोरींना सामना बघायचाय, दुसरं काही नाही. पाणी द्या, आडवं करा. थोडाच वेळ राहिलाय."

"साहेब, मी स्वतः बघतेय ना—"

"इथं हजारो माणसं आहेत. आत्ता दार उघडलं आणि एखादीला काही झालं, तर तिच्या बापाला तोंड तुम्ही दाखवणार आहात का?"

फोन बंद झाला. मागच्या सामन्याला खरोखरच एका मुलीनं चक्कर आल्याचं सोंग केलं होतं. मैत्रिणीच्या भावाचा खेळ पाहायचा म्हणून. पण कोंडून ठेवलेल्यानं सोंग केलं तर दोष सोंगाचा की कोंडण्याचा, हा प्रश्न साहेबांना पडला नव्हता. बाईंनाही तोवर पडला नव्हता. त्या पुन्हा पुन्हा फोन लावत राहिल्या.

चौघींनी धाकटीला खुर्चीत बसवून खाली आणलं. स्वयंपाकीणबाईंनी मेसमधला लांब बाक ओढून आणला आणि मुलींनी तो दारावर आदळायला सुरुवात केली. दार घुमायचं आणि तसंच उभं राहायचं. मैदानावर बहुधा गोल झाला असावा, केवढा तरी जल्लोष उठला.

रुग्णवाहिका मैदानाबाहेरच्या गर्दीतून वाट काढत आली. दोन माणसं उतरली, स्ट्रेचर काढलं, दाराशी आली आणि थबकली.

"कुलूप काढा."

"किल्ली नाही," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

त्या माणसाला ते कळायला वेळ लागला, यात त्याचा काय दोष? आजारी माणूस आत, मदत बाहेर आणि मध्ये कुलूप, हे त्यानं तुरुंगातसुद्धा पाहिलं नसेल. त्यानं ऑक्सिजनचा सिलिंडर दाराला खेटून उभा केला, नळी जाळीतून आत सरकवली. थोरलीनं बहिणीच्या तोंडावर मास्क धरला. ड्रायव्हर जॅकचा दांडा घेऊन कुलपावर घाव घालू लागला. कुलूप चांगल्या प्रतीचं होतं.

"जिराफ, घे, ओढ श्वास. ओढ. माझ्याकडे बघ."

धाकटी तिच्याकडेच बघत होती. ओठ निळसर झाले होते. तिनं थोरलीचं मनगट धरलं होतं, आणि उंच उडीच्या आधी आडव्या दांड्याकडे पाहायची तशी एकाग्र नजर लावून ती एकेक श्वास ओढत होती. मग मनगटावरची पकड सैल झाली.

शिट्टी वाजली, सामना सुटला, आणि पहारेकरी किल्ली घेऊन धावत आला. रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी थोरलीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, तेव्हाच ती समजली.

विद्यापीठानं शोकसभा घेतली. 'दुर्दैवी घटना' हे शब्द सगळ्यांनी वापरले. कुलूप हा शब्द कोणीही उच्चारला नाही. पंधरवड्यानं नवा नियम लागला: दमा, फिट किंवा हृदयाचा आजार असलेल्या मुलींनी सामन्याच्या आदल्या दिवशी आपापल्या घरी जावं. कुलपाला कोणी हात लावला नाही.

घरी माणसं समाचाराला येत आणि जाता जाता शिंप्यांना ऐकवून जात, "आम्ही म्हणत नव्हतो? पोरीच्या जातीला कशाला हव्यात त्या उड्या?" शिंपी मान खाली घालून ऐकत. मशीनवर कापड तसंच अडकून पडलं होतं.

"ताई, आता तिकडं नको जाऊस," एका संध्याकाळी ते म्हणाले. "झालं तेवढं शिक्षण पुरे. माझ्या डोळ्यासमोर राहा."

"इथं ठेवून काय कराल, बाबा? तुम्ही बाहेर गेलात की दाराला कडी लावून जाल."

आई काज करत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "मी पोरी शिकायला पाठवल्या होत्या. कोंडायचंच होतं तर घर काय वाईट होतं?" इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती. मग तिनं सुईत पुन्हा दोरा ओवला.

थोरली परत गेली. पुढचा सामना आला. मेसमध्ये घाई सुरू झाली. थोरलीनं ताट वाढून घेतलं, पण ती टेबलाशी बसली नाही. ताट घेऊन ती जाळीच्या दारातून बाहेर पडली आणि पायरीवर बसून जेवू लागली. एकेक घास ती चावत राहिली.

पहारेकरी आला. "आत व्हा, ताई. दार ओढायचंय."

"ओढा की. मी बाहेर आहे."

बिचाऱ्याला काय करावं कळेना. तेवढ्यात गाद्या झटकणाऱ्या खोलीतली एक मुलगी ताट घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली. धाकटी गेली त्या दिवसापासून ती कोणाशी धड बोललेली नव्हती. मग आणखी दोघी आल्या, मग जिनाभर पावलं वाजली. पायऱ्या भरल्या, तेव्हा मुली अंगणात बसल्या. काही मुली मात्र खिडक्यांतूनच पाहत राहिल्या. त्यांच्या घरी कळलं असतं तर शिक्षण तिथंच संपलं असतं, म्हणून कोणी त्यांना हाका मारल्या नाहीत.

रेक्टरसाहेब आले, समजावून झालं, दरडावून झालं. "नावं कापीन एकेकीची," म्हणाले. शेवटी वॉर्डनबाईंकडे वळले, "बाई, यांना आत घ्या."

वॉर्डनबाई दारात उभ्या होत्या. "मी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं ऐकून मी फोन लावत बसले. आज नाही ऐकणार." आणि त्याही चप्पल घालून पायऱ्या उतरल्या.

मग साहेबांनी शिंप्यांना फोन लावला. जिच्या तिच्या बापाला सांगितलं की पोरी सरळ होतात, हा त्यांचा आजवरचा अनुभव. शिंपी मिळेल त्या बसनं निघाले आणि आले तेव्हा सामना संपत आला होता. सदऱ्याच्या खिशाला सुई तशीच टोचलेली होती.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात ना, कुलूप आहे म्हणून पोरी ठेवतो?"

"म्हणालो होतो," शिंपी म्हणाले. "तेव्हा मला दोन पोरी होत्या."

शिंपी मुलींमधून वाट काढत वर आले आणि थोरलीच्या पायरीवर टेकले. तिनं ताटातला उरलेला भात त्यांच्यापुढे केला. त्यांनी एक घास घेतला.

"मला भीती वाटते, ताई," ते हळूच म्हणाले. "आत्ताही वाटतेय. ही एवढी माणसं यायची आता."

"मलाही वाटते, बाबा."

मैदानाकडून शिट्टी ऐकू आली. रस्ता बघता बघता माणसांनी भरला. कोणी वळून पाहिलं, कोणी एकमेकांना कोपरानं ढोसलं, एका टोळक्यातून शीळ आली. शिंप्यांचा हात थोरलीच्या दंडावर घट्ट आवळला गेला, पण त्यांनी तिला ओढलं नाही. दार मागं सताड उघडं होतं. पायऱ्यांवरून एकही मुलगी उठली नाही.