हिरीबाईचं लुगडं

माझ्या आजीचं लुगडं सतरा वर्षं मुंबईत एसीत राहतंय आणि माझी आई अनसिंगला पंख्याखाली. हे वाक्य माझं नाही, माझ्या भावाचं, संघपालचं. दर उन्हाळ्यात तो ते फोनवर म्हणायचा आणि वर खदखदा हसायचा. मला हसू यायचं नाही. मी मुंबईच्या एका संग्रहालयात जुन्या कापडांची डॉक्टर आहे. कीड लागू द्यायची नाही, रंग उडू द्यायचा नाही, विरलं असेल तिथे सांधायचं, हे माझं काम. आमच्या वस्तीतून अशी नोकरी करणारी मी पहिली, आणि दुसरी अजून कुणी झालेली नाही, कारण अशी नोकरी असते हेच कुणाला ठाऊक नाही. माझ्या आत्याची अजूनही समजूत आहे की धम्मदीपा मुंबईत साडीच्या दुकानात आहे.

लुगडं तसं साधं. पांढरं, सुती, काठ नसल्यासारखाच. छप्पन साली हिरीबाई, म्हणजे आईची आई, ते नेसून केनवडहून नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. पाच वर्षांची माझी आई, गंगू, सोबत होती. त्यानंतर ते लुगडं कडुनिंबाच्या पाल्यात, पत्र्याच्या पेटीत गेलं. वर्षातून एकदा, त्याच दिवशी, आजी ते नेसायची. आजी गेल्यावर पेटी आईबरोबर अनसिंगला आली. आई ते नेसत नसे. सकाळी पेटी उघडायची, लुगडं मांडीवर घेऊन थोडा वेळ बसायची आणि परत ठेवून द्यायची. आम्हा पोरांना तेव्हा खिरीची घाई असायची, त्यामुळे आई एवढा वेळ काय करते हे आम्ही कधी पाहिलं नाही.

नोकरी लागली त्याच वर्षी मी ते मागून नेलं. का नेलं ते सांगते, कारण त्या कारणाची मला आजही लाज वाटत नाही. आमच्या वस्त्रदालनात राण्यांचे शालू होते, सरदारांचे अंगरखे होते, कुणा संस्थानिकाच्या हत्तीची झूलसुद्धा होती. हत्तीला जागा होती आणि हिरीबाईला नव्हती. मला ते रोज डाचायचं. आईला विचारलं तर ती एका पायावर तयार.

"माह्या मायचं लुगडं राणीच्या बाजूले? ने वो, विचारून कायले राह्यली!"

मी नेलं, नोंदवहीत चढवलं, त्याला क्रमांक मिळाला. एकदा क्रमांक मिळाला की वस्तू संग्रहालयाची होते. देणाऱ्यालाही ती परत मिळत नाही, मागणाऱ्यालाही नाही. हे आईला मी सांगितलं होतं. तिला ते कितपत समजलं होतं कोण जाणे. दर फोनला ती आधी माझी चौकशी करायची, मग जावयाची, आणि फोन ठेवता ठेवता हळूच विचारायची, "लुगडं बराबर हाय नं?"

"बरोबर आहे आई. माझ्यापेक्षा मजेत आहे."

चार वर्षांपूर्वी तिला मुंबईला आणलं. काचबिंदूने तिची नजर तेव्हा बरीच गेली होती, डावीकडून थोडं अंधूक दिसायचं. लुगडं त्या वेळी दालनात मांडलेलं होतं. आई काचेजवळ गेली, अगदी नाक टेकेल इतकी, आणि तिने दोन्ही तळवे काचेवर ठेवले. पहारेकरी धावत आला. "ओ मावशी, हात लावायचा नाही! वाचता येत नाही का?" आईने चटकन हात मागे घेतले आणि पदराने काच पुसायला लागली. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. तो पहारेकरी मला रोज नमस्कार करायचा. आणि मी गप्प उभी राहिले. का? कारण नियम मीच लिहिला होता. टॅक्सीत आई म्हणाली, "एक डाव हातात देजो दीपा. मंग ठेव तुह्या काचेत." मी हो म्हटलं. ते हो तसंच राहिलं. पुढच्या दीड वर्षात तिची उरलेली नजरही गेली.

मग एक प्रशिक्षण आलं. संग्रहालयात काम करणाऱ्यांसाठी, वर्षभराचं, शाश्वत विकासाचं नेतृत्व कसं करावं याचं. देशभरातून बावीस जण निवडले, त्यात मी. संचालकांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, पुष्पगुच्छ दिला, तोही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. वर्ग बहुतेक संगणकावरच. सुरुवातीला मला ते सगळं उंटावरून शेळ्या हाकणं वाटलं. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घराण्याने पृथ्वीवर किती भार टाकला ते मोजायचं होतं. मी मोजलं. आजीपासून आईपर्यंत सगळ्यांचा मिळून भार आमच्या संग्रहालयाच्या कोठारातल्या एका एसीच्या एका उन्हाळ्याएवढाही भरेना. मी तसं लिहून पाठवलं, जरा तिखटच शब्दांत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आमच्या मार्गदर्शक योगिनी मॅडमनी उत्तर पाठवलं, "मग तुमचा प्रकल्प इथूनच सुरू होतो."

त्या वर्षात मी जे शिकले त्यातलं निम्मं मला नवं होतं आणि निम्मं आईच्या घरातलं. आम्ही कोठार चोवीस तास, बारा महिने वीस अंशांवर ठेवतो. सुती कापडाला त्याची गरज नसते. त्याला भीती असते ती एकदम गरम, एकदम थंड, एकदम ओलं होण्याची. हळूहळू होणारा बदल ते सोसतं. जाड भिंतीची खोली, बंद पेटी, निंबाचा पाला आणि वर्षातून एकदा वारा देणं, एवढ्यावर ते लुगडं बावन्न वर्षं धडधाकट राहिलं होतं. मग मी प्रकल्प मांडला: अशी कापडं विजेशिवाय, ती जिथून आली त्याच गावात ठेवून पाहायची. पहिला प्रयोग हिरीबाईच्या लुगड्यावर, अनसिंगच्या विहारात, एक वर्ष.

कागदावर माझा हेतू वीज वाचवण्याचा होता. खरा हेतू एकच, ते लुगडं एकदा आईच्या हातात द्यायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही, योगिनी मॅडमनाही नाही. तीन समित्या, आठ महिने आणि माझं निम्मं डोकं पांढरं झाल्यावर घोडं एकदाचं गंगेत न्हालं. वर्षभराच्या उसन्या बोलीवर लुगडं द्यायला संग्रहालय तयार झालं. अट एकच: बंद कपाट, आणि कुणीही हात लावायचा नाही. खाली सही माझी.

मी फोन करून आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तू येऊन राह्यली, का लुगडं?"

"दोघी."

"बाप्पा," ती म्हणाली आणि फोन संघपालकडे दिला. तो म्हणाला, रडतेय.

आमच्या विहाराची देखभाल पुंजाजी गुरुजी करतात. मला चौथीत गणित त्यांनीच शिकवलेलं. वाशीमच्या सुताराकडून काचेच्या दाराचं कपाट त्यांनी करून घेतलं, तापमान मोजायचं काडेपेटीएवढं यंत्र आत बसवायला मला मदत केली, आणि उद्घाटनाची वेळ अकराची ठरवली. मी त्यांना म्हटलं, मला सकाळी आठला विहार उघडून द्या, आई आणि मी दोघीच असू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अटीत बसते का ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मंग मी बाहेर चपला सांभाळतो."

आई न्हाऊन आली होती. मुलीच्या लग्नाला नेसावी तशी पांढरी साडी, केस चोपून बसवलेले. दारात तिने मला हात दाखवले. "तीन डाव साबन लावला. वास घे पाह्यजे तं." मी हातमोज्यांची जोडी आणली होती. ती पिशवीतच राहू दिली. तिला सतरंजीवर बसवलं, मांडीवर धुतलेलं कापड पसरलं आणि त्यावर लुगडं ठेवलं. सतरा वर्षांत शेकडो मोलाची वस्त्रं मी उचलली असतील, उघड्या हातांनी एकही नाही.

तिने आधी नुसता तळवा ठेवला. मग घडीवरून हात फिरवला, लहान लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा. ती हसत होती. ते हसणं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि मनात म्हटलं, झालं, फिटलं, आता नोकरी गेली तरी चालेल. मग तिची बोटं पदर शोधू लागली. सापडला. एका टोकापासून काठावरून चालत बोटं दुसऱ्या टोकाला गेली. तिथून परत आली. पुन्हा गेली. तिचं हसू थांबलं.

"दीपा, गाठ कुठं हाय?"

"कुठली गाठ?"

"पदराची वो. मायनं मारेल गाठ."

मी काही बोलायच्या आत तीच सांगू लागली, जणू मी लहान आहे आणि मला समजत नाही. "नागपूरले लय मानसं होती. मुंगीले जागा नाही. मायनं पदराच्या टोकाले गाठ मारली अन् माह्या मुठीत देली. म्हने, गंगू, काहीबी होवो, हे सोडजो नोको. मी दिवसभर सोडली नाही. रातच्याले झोपली तरी मुठीतच. मंग मायनं ते गाठ कधी सोडलीच नाही. म्हने, राहू दे, माही पोर हरवली नाही या गाठीनं. माय गेल्यावर मी दर वर्षी तेच धरून बसो. पाह्य नं, असंन तिथंच, मले दिसत नाही म्हनून…"

तिथं नव्हती. ती कुठे गेली हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

मीच सोडली होती. प्रयोगशाळेतलं माझं पहिलं काम. पदराच्या टोकाला एक दगडासारखी कडक, मळकट गाठ होती. सुपारी किंवा सुटे पैसे बांधायला बायका मारतात तसली असेल, असं मी धरलं. गाठीत कापडाचा धागा तुटतो, म्हणून ती सोडवायची हे आमच्या पुस्तकात आहे. दमट टिपकागद ठेवून, हाडाच्या सळईने, तीन दिवस लावून, एकही धागा न तोडता मी ती सोडवली. चुण्या वजनाखाली सपाट केल्या. साहेबांनी ते चार जणांना बोलावून दाखवलं. प्रत्येक वस्तूबरोबर एक तक्ता भरावा लागतो, त्यात एक रकाना असतो: देणाऱ्याकडून मिळालेली माहिती. परक्या माणसाकडून वस्तू आली असती तर मी त्याच्यासमोर तास तास बसले असते, टोकापासून टोकापर्यंत एकेक खूण विचारली असती. इथे देणारी माझी आई होती. म्हणून मी तिला काहीच विचारलं नाही. रकाना मीच भरला, बसल्या बसल्या, पाच मिनिटांत.

हे सगळं मी तिला सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण तिची बोटं अजून काठावरच होती.

"मी पुन्हा मारून देते, आई," मी म्हटलं. हे मी, जिने सतरा वर्षं दुसऱ्यांना शिकवलं की मूळ वस्तूत आपलं काही घालायचं नसतं.

"नोको." तिने लुगडं माझ्याकडे सरकवलं. रागाने नाही. रागाने सरकवलं असतं तर बरं झालं असतं. "मले वाटे, माय मुंबईले हाय. पोरीजवळ हाय, सुखात हाय. मी रोज तिकडं तोंड करून झोपो. आता कोनीकडं करू?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. तिने केसांवर हात ठेवला, पण ती दुसरीकडेच होती, हे त्या हातावरून कळत होतं.

अकराला उद्घाटन झालं. माणसं आली, रांगेने काचेसमोरून गेली. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले, पोरांनी फोटो काढले. कपाट बंद होतं, अट पाळलेली होती. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, दोन्ही मुठी मिटून.

दुपारी योगिनी मॅडमचा फोन आला. बावीस जणांत माझा प्रकल्प पहिला आला होता. अहवाल छापायचा होता आणि त्यांना त्यासाठी एकच ओळ हवी होती. "या प्रयोगातून नेमकं काय वाचतं," त्या म्हणाल्या, "एका शब्दात सांग."

"वीज," मी म्हटलं.