टपालवाल्याचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना डावा पाय आहे. दचकू नका, लाकडाचा आहे. ज्याच्यावर चढवून जोडा शिवतात, तो मोच्याचा फर्मा. मला एक उजवा भाऊही होता. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला फटीत बसवलं, आणि पुढे त्याचं काय झालं ते दारालाच ठाऊक.

मला मोचीकाकांनी कोरलं. बाकीचं गाव चार-सहा मापांत भागवून घ्यायचं. मी मात्र खास एकट्या टपालवाल्यासाठी. हा गृहस्थ रोज चौदा मैल चालायचा. त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं होतं, पण ते त्याला मान्य नव्हतं.

"काका, तुमचा जोडा चावतो."

"जोडा गरीब आहे रे. तुझा अंगठाच शेजाऱ्याच्या घरात डोकावतो."

एवढं बोलून काकांनी माझ्या कडेला चामड्याचा तुकडा चिकटवला, म्हणजे जोडा तिथे तेवढा सैल उतरावा. हाड वाढलं तसा दुसरा थर चढला, मग तिसरा. पुढे टपालवाला सांगत सुटला, "पायात जोडा आहे हेच विसरायला होतं." ही स्तुती जोड्याची होती. मी ती आपली समजून ठेवून घेतली.

काका गेले, दुकान मिटलं, आणि मी बरीच वर्षं पोत्यात काढली. मग गावाने जुन्या गोदामात संग्रहालय काढायचं ठरवलं. लोकांनी उदार मनाने वस्तू दिल्या. त्या आठवड्यात बऱ्याच घरांतल्या अडगळीच्या खोल्या मोकळ्या झाल्या. मी फळीवर बसलो. पुढे चिठ्ठी लागली: 'लाकडी पाय. उपयोग माहीत नाही.' एका कलारसिकांना माझ्यात प्रवासाची वेदना दिसली. त्यांच्या स्वतःच्या बुटाचा तळ निघाला होता, तो मात्र दिसला नाही.

संग्रहालय सांभाळायच्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझी वाळवी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. पण स्वच्छतेचा त्यांना फार सोस. एका सकाळी त्यांनी मला टेबलावर आडवं केलं आणि पटाशीने माझं चामडं खरवडायला घेतलं. वरचा थर टपकन खाली पडला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. त्या दिवशी ते फार जाणवलं.

तेवढ्यात एक उतारवयाची पाहुणी आत आली. "टपालाची एखादी जुनी पिशवी आहे का हो? माझे वडील टपालवाले होते. घरात त्यांचं काहीच उरलं नाही."

"पिशवी नाही आली कुणाकडून," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा पटाशी लावली.

पाहुणी जायला वळली, आणि माझ्याकडे बघून थबकली.

"थांबा. ते काढू नका."

"अहो, घाण चिकटलीय."

"घाण नाही. बाबांचं हाड आहे ते." तिने डोळे मिटून माझ्यावर तळवा ठेवला. "रोज संध्याकाळी पाय चेपायचे मी त्यांचे. हे असंच हाताला लागायचं. फक्त थोडं आणखी वर होतं."

बाईंनी पटाशी खाली ठेवली. मग त्या दोघी, एकूण वय एकशे चाळीसच्या आसपास, टेबलाखाली रांगत निघाल्या आणि तो तिसरा थर शोधून काढला. बाईंनी तो जागच्या जागी चिकटवला. नवी चिठ्ठी पाहुणीने सांगितली: 'टपालवाल्याचा डावा पाय. मोचीकाकांनी सांभाळलेला.'

"वाकडा लिहू का?" बाईंनी विचारलं.

"नको हो. रागावतील."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. मी त्या पुसण्यावरच जगलो आहे. पण एखादा उंचवटा घासायच्या आधी दोन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारून या. ती गेल्यावर मग घासायला वेळच वेळ आहे.

निघताना पाहुणीने मला मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने ती जागा हळूहळू चेपू लागली. वस्तूंना हात लावू नये, अशी पाटी समोरच होती. बाई खिडकी पुसायला गेल्या, आणि बराच वेळ ती एकच काच पुसत राहिल्या.