सहदेवच्या फोटोतले हूक

माझ्या धाकट्या भावाचं, सहदेवचं, वागणंच उलटं. बहिणीनं सांगितलं की कानात बोळे, भगव्या लुंगीवाल्यानं सांगितलं की लोटांगण. तीस वर्षं त्यानं छपराचे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे कापले, भुकटी छातीत गेली. अकोल्याच्या डॉक्टर उज्माबाईंनी एक्स-रे काढला, मग सीटी स्कॅन. म्हणाल्या, फुफ्फुसाच्या आवरणाला कॅन्सर आहे, पण अजून एकाच बाजूला. सोमवारी भरती व्हा.

आणि हा रविवारी तेल्हाऱ्याला फोटोमहाराजांच्या रांगेत.

मीही मागोमाग गेले. मांडवात अख्खा तालुका लोटलेला. महाराज रोग्याला शिवत नव्हते, नुसत्या एक्स-रेला शिवत. उन्हात धरून पांढरा डाग दाखवायचे, "हा पाहा, काळ मांडी ठोकून बसला" म्हणायचे, फोटो झोळीत टाकून झोळी सात वेळा गरगर फिरवायचे. बाहेर निघायचा तो बिनडागाचा. लोक नाचत होते. एकानं तर विचारलं, बैलाचा काढून आणला तर चालेल काय.

सहदेवचाही डाग गेला. तो रडला, मग हसला, मग म्हणाला, सोमवार रद्द.

मी फोटो मागून घेतला, उन्हात धरला. बरगड्या झकास. पण मधोमध, एकाखाली एक, चार बारीक हूक.

"काहून रे सहदेव, फोटो काढाले पोलकं घालून गेलता काय?"

मांडव हसून हसून लोळला. महाराज म्हणाले, त्या चार सिद्धींच्या खुणा आहेत. तोवर मी झोळी उलटी केली होती. आत अस्तर लावून दोन कप्पे. एकातून लोकांचे खरे फोटो पडले, दुसऱ्यातून भंगारात घेतलेले निरोगी माणसांचे, नावाचे कोपरे कापलेले. त्यात एक गुडघ्याचाही होता. तो कोणाच्या छातीला लागणार होता, देव जाणे. महाराज लुंगी सावरत पळाले.

सहदेव मात्र हसला नाही. नाव असलेला आपला फोटो उचलून म्हणाला, "बाई, मले मरायचं भेव वाटते."

"मलेही वाटते. म्हणून डोये मिटू काय? आरसा बदलून तोंडावरचा डाग जाते काय रे? डॉक्टरीणबाईच्या फोटोत रोग कुठं, किती पसरला ते दिसते. त्यावरून डॉक्टरीण अंदाज सांगते, वचन देत नाही. जो वचन देते, त्याची झोळी पयले उलटी करून पाहाची. उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याले चाल. मी संगं आहो."