पिवळा, वजा बावीस

लोणीमास्तरांनी माऊस डावीकडे ओढला आणि पडद्यावरच्या लग्नफोटोतल्या नवरीच्या चुलत्याचा राग उतरला. आणखी केसभर ओढला, तर म्हातारा लग्नाला राजीखुशीने आल्यासारखा दिसू लागला.

"भावोजी, त्या चुलत्याला सोडा आता," मागून मेहुणी म्हणाली. "ताईचे फोटो शोधायला आलोय ना आपण?"

"शोधतो गं. हात जरा गरम करत होतो."

रंगांचा भडकपणा उतरवावा, काळ्या सावल्या निवळाव्यात, सगळ्यावर सकाळचं कोवळं ऊन पसरावं, ही मास्तरांची ख्याती. त्यांच्या हातून गेलेल्या फोटोत हाडवैरी जावासुद्धा एका आईच्या लेकी वाटत. एका चावऱ्या कुत्र्याचा फोटो त्यांनी इतका मऊ केला, की मालक भाबडेपणाने त्याला कुरवाळायला गेला आणि टाके घालून आला, असं ते स्वतःच सांगत. टाके दोन की अकरा, ते ऐकणारा किती भोळा यावर.

आज सकाळी मात्र दवाखान्यात बायकोला तपासून डॉक्टरीणबाईंनी साधाच प्रश्न विचारला होता. "यांचे डोळे पिवळे कधीपासून आहेत? अंदाज नको. पुढचे उपचार त्यावर ठरतील."

मास्तरांनी छाती काढून सांगितलं होतं, "दर रविवारी हिचा फोटो काढतो मी. संध्याकाळपर्यंत तारीख आणून देतो."

ते खोटं नव्हतं. नवी छटा आधी बायकोवर, मग गिऱ्हाइकावर, असा शिरस्ताच होता. ती खिडकीपाशी उभी राहून कुरकुरायची, "मला कशाला लोणी लावताय? आहे तशी राहू द्या की."

मास्तरांनी रविवार उघडले. एक, दोन, दहा, तीस. प्रत्येक फोटोत बायको खिडकीपाशी, गालांवर ऊन, आणि डोळे दुधासारखे पांढरेशुभ्र.

"भावोजी, हे तुमचे मऊ केलेले. मूळचे उघडा ना."

मूळचे उरलेच नव्हते. मऊ केलेला फोटो ते मूळ फोटोवरच चढवत. भाजी झाल्यावर सालं कोण जपून ठेवतं, असं तीस वर्षं ज्याला त्याला ऐकवलेलं.

मास्तरांनी खणातून छटांची वही काढली. कोणता रंग किती उतरवला, कोणता किती चढवला, हे ते तारखेसह लिहून ठेवत. गिऱ्हाईक 'तसाच करा' म्हणालं तर हाताशी असावं म्हणून. त्यांचं बोट एकाच ओळीवरून पानोपानी खाली सरकत राहिलं. पिवळा, वजा दोन. वजा दोन. मग वजा सहा. वजा अकरा. गेल्या रविवारी, वजा बावीस.

वजा सहाच्या तारखेवर बोट थांबलं. त्याला सात महिने झाले होते.

"सापडलं?" मेहुणीने विचारलं.

"सापडलं," मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मास्तरांनी लिहून आणलेली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "तारखा कळल्या. पण हे आकडे कसले?"

"पिवळा, बाई. दर रविवारी हिच्या डोळ्यांतून मी काढून टाकला तेवढा." मास्तरांची नजर फरशीवर होती. "दिसत होता मला. वाटलं, खिडकीतलं ऊन असेल."

मेहुणीने उगाचच पाण्याचा तांब्या या बाजूचा त्या बाजूला ठेवला.

मग खाटेवरून बायकोचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"त्यांना काय विचारताय, डॉक्टर? मीच मागे लागायचे दर रविवारी. मला जरा मऊ करा म्हणून."

मास्तरांनी मान वर केली. ती त्यांच्याकडे बघत होती, पिवळ्याधमक डोळ्यांनी, पापणी न हलवता.